ठाण्याहून विमानाने नागपूर: अंतर, उड्डाणाचा वेळ आणि घरातून निघायची वेळ कशी काढायची

‘ठाणे ते नागपूर विमानाने किती वेळ?’ असं फोनला विचारलं की क्षणात उत्तर मिळतं: सव्वा तास, फार तर दीड. उत्तर खोटं नाही. पण त्याच्या भरवशावर दुपारी दोनच्या साखरपुड्याला सकाळी दहाच्या विमानाने जायचं ठरवलंत, तर विमान जरा लांबलं तरी अंगठ्या घालून झाल्यावर पोचाल. मुळात ठाण्यात विमानतळ नाही, त्यामुळे ‘ठाण्याहून’ मोजलेला वेळ म्हणजे गडकरी रंगायतनसमोरून विमान उडतं असं गृहीत धरून केलेला हिशेब. शिवाय तो वेळ फक्त हवेतला. आपला निम्म्याहून जास्त वेळ जमिनीवरच जातो, आणि नेमका तोच वेळ आपण नीट मोजत नाही.

हा हिशेब टप्प्याटप्प्याने कसा करायचा ते इथे सांगतो. उदाहरण नागपूरचं घेतलंय, कारण ठाण्यात वैदर्भीय मंडळी भरपूर आहेत आणि या एका वाटेवर विमान, रेल्वे आणि समृद्धी महामार्ग असे तिन्ही पर्याय खरोखर तोलून बघण्यासारखे आहेत. दिल्ली, बंगळुरू, दुबई, लंडन यांनाही हीच रीत लागू पडते. जिथे फरक पडतो तिथे तसं सांगेन.

आधी कोणतं अंतर हवंय ते ठरवा

दोन शहरांमधलं अंतर हा एकच आकडा नसतो. मुंबई-नागपूरचंच बघा. विमानतळ ते विमानतळ सरळ रेषेत सुमारे ६८० किलोमीटर. रेल्वेने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून भुसावळमार्गे ८३७ किलोमीटर. ठाणे त्यातल्या चौतिसाव्या किलोमीटरवर, म्हणजे आपल्यासाठी ८०३. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, पण तो सुरू होतो भिवंडीजवळच्या आमण्याला, तिथवर आपलं आपण जायचं. गंमत म्हणजे समृद्धी इतका सरळ आखलाय की रस्त्याचं अंतर हवाई अंतराच्या फारसं पुढे जात नाही. एरवी डोंगराळ भागात रस्ता सरळ रेषेच्या दीडपट सहज होतो.

विमानाचा वेळ काढायला सरळ रेषेचं अंतर लागतं. पेट्रोलचा खर्च काढायला रस्त्याचं. अनेकजण रस्त्याच्या किलोमीटरला विमानाच्या वेगाने भागतात आणि मग उत्तर का जुळत नाही म्हणून कपाळाला हात लावतात.

सरळ रेषेचं अंतर हाताने काढणं

हे मोबाइलच्या साध्या कॅल्क्युलेटरवर होतं. नकाशावर विमानतळावर बोट दाबून धरलं की अक्षांश-रेखांश दिसतात. मुंबई विमानतळ: अक्षांश १९.०९, रेखांश ७२.८७. नागपूर विमानतळ: २१.०९ आणि ७९.०५.

अक्षांशांतला फरक २ अंश. एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, म्हणून उत्तर-दक्षिण अंतर २२२. रेखांशांतला फरक ६.१८ अंश. इथे १११ ने गुणायचं नाही, कारण रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जाताना जवळजवळ येतात. विषुववृत्तावर एक अंश रेखांश १११ किलोमीटरचा, आपल्या २० अक्षांशाच्या पट्ट्यात तो साधारण १०४, तिसाव्या अक्षांशावर ९६, पन्नासाव्यावर जेमतेम ७१. म्हणून ६.१८ गुणिले १०४.२, झाले ६४४ किलोमीटर पूर्व-पश्चिम. आता शाळेतला पायथागोरस: २२२ चा वर्ग अधिक ६४४ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ ६८१. झालं अंतर.

ही युक्ती हजार-दीड हजार किलोमीटरपर्यंत चोख चालते. दिल्लीला लावली तर ११३८ च्या आसपास येतं, बरोबर तेवढंच आहे. लंडनला लावली की मात्र फसते: हिशेब साडेसात हजारांच्या वर जातो आणि प्रत्यक्ष अंतर ७,२०० च्या जवळपास आहे. लांबच्या प्रवासात पृथ्वीचा गोलवा दुर्लक्षून चालत नाही. दोन गावांमधला सर्वांत जवळचा मार्ग सपाट नकाशावर कमानीसारखा वाकलेला दिसतो तो त्यामुळेच. लांबच्या अंतरासाठी एक्सेलमध्ये सूत्र टाका: दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार, त्यात मिळवा दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा आणि रेखांशांतल्या फरकाच्या कोसाइनचा गुणाकार, आलेल्या बेरजेचा उलटा कोसाइन काढून त्याला ६,३७१ ने, म्हणजे पृथ्वीच्या किलोमीटरमधल्या त्रिज्येने गुणा. अंश आधी रेडियनमध्ये बदलायला विसरू नका, नाहीतर लंडन चंद्राच्या वाटेवर निघेल. विमानवाल्यांची कागदपत्रं सागरी मैलांत असतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर.

अंतरावरून वेळ

आता ६८० ला विमानाच्या वेगाने भागायचं. एअरबस ए ३२० किंवा बोइंग ७३७ जातीचं विमान उंचीवर गेल्यावर ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास धावतं. लंडनला जाणारी मोठी विमानं ९०० च्या आसपास. छोट्या गावांना जाणारं पंख्यांचं एटीआर मात्र ५०० च्या घरात, म्हणून तेवढ्याच अंतराला ते जास्त वेळ घेतं. तिकीट काढताना विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, तो बघत जा.

६८० भागिले ८३० म्हणजे पाऊण तासाच्या थोडं वर, ४९ मिनिटं. तरी तिकिटावर दीड तास का? विमान हा वेग फक्त मधल्या टप्प्यात गाठतं. दहा हजार फुटांच्या खाली साधारणपणे ताशी ४६३ किलोमीटरची मर्यादा असते. चढायला आणि उतरायला वेळ जातो, आणि नागपूरसारख्या जवळच्या प्रवासात चढण आणि उतरण यांतच बरीचशी वाट संपते. शिवाय मुंबईत वारा बहुतेक वेळा समुद्राकडून येतो आणि विमान वाऱ्याच्या तोंडावर उडवायचं असतं. त्यामुळे पूर्वेला नागपूरला जायचं असलं तरी विमान बहुतेकदा आधी पश्चिमेला, अरबी समुद्रावर जातं आणि मग वळसा घेऊन माघारी येतं. येताना त्याच्या उलट: विमान पूर्वेकडून, कोपरखैरणे-घणसोलीच्या डोक्यावरून खाली उतरत मुंबईकडे सरकतं. गच्चीवरून बघणाऱ्या तिथल्या पोरांना कुठल्या कंपनीचं विमान आहे हे पाठ असतं.

हे सगळं धरून मी एक ढोबळ सूत्र वापरतो: अंतराला ताशी ८०० ने भागा आणि ४० मिनिटं मिळवा. नागपूर ५१ अधिक ४०, म्हणजे दीड तास. बंगळुरू सुमारे ८३५ किलोमीटर, पावणेदोन तास. दिल्ली दोन तास पाच मिनिटं. दुबई सुमारे १,९३० किलोमीटर, तीन तास पाच मिनिटं. वेळापत्रकाशी पडताळून बघा, पाच-पंधरा मिनिटांच्या पलीकडे फरक पडत नाही. मुंबईऐवजी रिकाम्या विमानतळावरून निघणार असाल तर ४० च्या जागी ३० धरा. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी वाहतूक करता येत नाही. संध्याकाळच्या गर्दीत विमान रांगेत उभं राहतं, तेव्हा खिडकीतून पुढच्या विमानांची शेपटं मोजत बसायचं.

तिकिटावरचा वेळ म्हणजे नक्की काय

तिकिटावर सुटण्याची वेळ १०.०० आणि पोचण्याची ११.३५ असेल, तर हा दीड तास पाच मिनिटं उड्डाणाचा वेळ नव्हे. विमान गेटपासून मागे हटतं तिथून ते पलीकडच्या गेटला उभं राहीपर्यंतचा हा वेळ. त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. प्रत्यक्ष हवेत आपण त्यातला तास-सव्वा तासच असतो. कंपन्या या वेळात थोडी ढील ठेवतात, म्हणून कधी कधी पंधरा मिनिटं उशिरा सुटलेलं विमान वेळेवर पोचतं. ठरलेल्या वेळेच्या पंधरा मिनिटांच्या आत झालेली फेरी आपल्याकडे ‘वेळेवर’ धरली जाते, हेही लक्षात असू द्या.

ब्लॉक टाइम माहीत असण्याचा एक रोख फायदा आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमानुसार, विमानाला उशीर झाल्यावर कंपनीने खाणंपिणं कधी द्यायचं हे याच वेळेवर ठरतं. अडीच तासांपर्यंतच्या फेरीला दोन तासांचा उशीर झाला की, अडीच ते पाच तासांच्या फेरीला तीन तासांनी, त्याहून लांबच्या फेरीला चार तासांनी. प्रवाशाने वेळेत चेक-इन केलेलं असायला हवं. नागपूरचं विमान दोन तासांहून जास्त लांबलं की काउंटरवर जाऊन विचारा. न विचारता मिळेलच असं नाही.

वारा आणि हवामान

हिवाळ्यात उत्तर आणि मध्य भारताच्या वर, दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून जोराचा वारा वाहतो. पूर्वेला जाणाऱ्या विमानाला तो ढकलतो, पश्चिमेला येणाऱ्याला अडवतो. समजा वारा ताशी १०० किलोमीटरचा आहे. मग ८३० वेगाचं विमान जमिनीच्या हिशेबात जाताना ९३० ने जातं आणि येताना ७३० ने. मुंबई-कोलकाता साधारण १,६६० किलोमीटर. तेवढ्यावर जाण्या-येण्यात अर्ध्या तासाचा फरक पडतो. नागपूरला दहा-बारा मिनिटं, म्हणजे सोडून द्या.

नागपूरच्या प्रवासात वाऱ्यापेक्षा पाऊस महत्त्वाचा. जुलैत मुंबईवर ढग फुटले की येणारी विमानं घिरट्या घालत राहतात आणि तो उशीर दिवसभर पुढच्या फेऱ्यांना चिकटत जातो. एकच विमान दिवसात चार-पाच गावं करतं, म्हणून संध्याकाळच्या फेरीवर सकाळपासूनचं सगळं कर्ज साठलेलं असतं. पहाटेचं विमान बहुधा रात्रभर तिथेच उभं असतं, त्यामुळे ते वेळेवर सुटण्याची शक्यता जास्त. पोचणं महत्त्वाचं असेल, म्हणजे परीक्षा, कोर्टाची तारीख, लग्न, तर पहिलंच विमान घ्या. दिल्लीला डिसेंबर-जानेवारीत उलटं: पहाटे धुकं असतं, तिथे अकराच्या पुढचं विमान बरं.

कोणत्या विमानतळावरून

हा प्रश्न आपल्याला पूर्वी नव्हता. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमानं सुरू झाली. आता ‘मुंबई’ म्हणून शोधलं की दोन्ही विमानतळांच्या फेऱ्या एकाच यादीत येतात. तिकिटावर तीन अक्षरी संकेत बघा: बीओएम म्हणजे अंधेरी-सांताक्रूझचा जुना, एनएमआय म्हणजे उलव्याचा नवा. पैसे भरायच्या आधी बघा, कॅब बोलावताना नव्हे.

नव्या विमानतळाहून नागपूर सरळ रेषेत सुमारे पंधरा किलोमीटर जवळ आहे. विमानाला तेवढ्याला एक मिनिट लागतं. म्हणजे विमानाच्या वेळेवरून निवड करायचं कारणच नाही, सगळं आपल्या घरापासूनच्या रस्त्यावर ठरतं.

नौपाडा, पाचपाखाडी, तीन हात नाका या पट्ट्यातून जुना विमानतळ २२ ते २५ किलोमीटर: पूर्व द्रुतगती महामार्गाने कांजूर-विक्रोळीपर्यंत आणि मग जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता. नवा ३२ ते ३५ किलोमीटर: ऐरोली पुलावरून किंवा कळवा-विटाव्यातून ठाणे-बेलापूर रस्ता आणि पुढे बेलापूरहून उलवे. पहाटे चारला जुना पस्तीस-चाळीस मिनिटांत गाठता येतो. सकाळी साडेआठला मात्र पवईच्या तळ्याकाठी गाडी उभी असताना लोक लॅपटॉप उघडून काम करताना दिसतात. त्या वेळी नव्या विमानतळाचे दहा किलोमीटर जास्त असूनही वेळ जवळजवळ सारखाच लागतो. पावसात विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली पाणी साचतं, तेव्हा ऐरोली पूलच बरा.

घोडबंदर रोडवाल्यांनी, विशेषतः कासारवडवली, ओवळा भागातल्यांनी, जुनाच धरावा. फाउंटनकडून पश्चिम द्रुतगती महामार्गाला लागायचा मोह होतो. गायमुखच्या घाटात अवजड गाड्यांची रांग नसेल तर ठीक, असेल तर देवाचं नाव घ्या. नेरूळ, बेलापूर, खारघर, पनवेलकरांनी विचारही करायचं कारण नाही, त्यांचा विमानतळ दारात आलाय. खरा पेच ऐरोली, घणसोली, कोपरखैरणेकरांचा: दोन्हीकडे अंतर जवळपास सारखं. तिथे माझा कल नव्याकडे आहे, कारण ठाणे-बेलापूर रस्ता पवईपेक्षा भरवशाचा. अटल सेतूचं कौतुक ऐकून हुरळू नका. तो शिवडीहून येणाऱ्यांच्या कामाचा, ठाणेकरांच्या नाही.

रेल्वेने जायचं असेल तर जुन्या विमानतळाला आता छान सोय झाली आहे. ठाण्याहून घाटकोपरला थांबणारी लोकल, तिथून वर्सोव्याकडची मेट्रो, चौथं स्टेशन मरोळ नाका. मरोळ नाक्याला भुयारी मेट्रो ३ मध्ये बदल करायचा, कफ परेडच्या दिशेने पुढचंच स्टेशन टर्मिनल २, त्यानंतर सहार रोड आणि मग टर्मिनल १. जिने-चालणं धरून तास-सव्वा तास. खांद्यावरची एकच बॅग असेल तर उत्तम. दोन मोठ्या बॅगा आणि सोबत आजी असेल तर सकाळच्या घाटकोपर पुलावर हा प्रयोग नको. पहाटेच्या आणि मध्यरात्रीच्या विमानाला मेट्रो बंद असते हे वेगळं सांगायला नको. नव्या विमानतळासाठी ठाण्याच्या नऊ-दहा नंबरवरून सुटणारी पनवेल लोकल, बेलापूरला उतरायचं आणि पुढे टॅक्सी.

आणि जुन्या विमानतळावर टर्मिनल कोणतं ते तिकिटावर बघाच. टर्मिनल १ विलेपार्ले-सांताक्रूझकडे, टर्मिनल २ सहारला, मध्ये रस्त्याने चार-पाच किलोमीटर. एकाच कंपनीच्या काही फेऱ्या इथून, काही तिथून सुटतात. ‘मागच्या वेळी तर इथूनच गेलो होतो’ या वाक्यावर कुणीही काउंटर पुन्हा उघडत नाही.

आता उलटं मोजा

घरातून निघायची वेळ नेहमी विमानाच्या वेळेकडून मागे मोजत यायची. सकाळी दहाचं नागपूर, टर्मिनल २, पाचपाखाडीहून, कामाचा दिवस, एक मोठी बॅग. असं धरू.

दहाला विमान हलणार. बोर्डिंगचं गेट देशांतर्गत फेऱ्यांना साधारण २५ मिनिटं आधी बंद होतं: ९.३५. बॅग घेणारा काउंटर एक तास आधी बंद: ९.००. ही शेवटची रेषा, तिथे धावत पोचायचं नसतं. रांग धरून ८.१५ ला काउंटरपाशी असायला हवं. दारावर ओळखपत्र, ट्रॉली शोधणं, बाबांची ‘आधार कार्ड कुठे ठेवलं’ ही शोधमोहीम, म्हणून ८.०० ला गाडीतून उतरायचं. जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्याला सकाळी तास-सव्वा तास: ६.४५ ला गाडी सुटली पाहिजे. कॅब यायला दहा मिनिटं, म्हणून ६.३५ ला बुक करा, आणि पहिल्या चालकाने रद्द केली तर पुढच्यासाठी अजून दहा मिनिटं हातात ठेवा.

पलीकडे ११.३५ ला नागपूर. बॅग मिळून बाहेर यायला बारा. सोनेगावचा विमानतळ शहराला चिकटून आहे, धरमपेठेत साडेबाराला घरात. म्हणजे ६.४५ ते १२.३०, पावणेसहा तास. त्यातली हवेतली मिनिटं सत्तरच्या आसपास, एकूण वेळेच्या एक पंचमांश. साखरपुडा दोनला आहे ना? मग तोंड धुऊन कपडे बदलण्यापुरता वेळ आहे, विमानाला उशीर होण्यापुरता नाही.

कापता येतील असे वेळ दोनच. बॅग जमा करायची नसेल आणि वेब चेक-इन झालेलं असेल तर काउंटर सुटतो. दारावर आणि सुरक्षेला डिजियात्रा, म्हणजे चेहरा ओळखून आत सोडणारी सोय, वापरली तर रांग लहान. तेव्हा ८.४५ ला पोचलात तरी चालतं. पलीकडेही पट्ट्याजवळची पंधरा-वीस मिनिटं वाचतात. एका माणसाच्या दोन दिवसांच्या मुक्कामाला सात किलोच्या बॅगेत मावत नाही असं काही नसतं. लोणच्याची बरणी मात्र हातातल्या बॅगेत चालत नाही, त्यावर सुरक्षेच्या ताईंशी वाद घालू नका.

वाढवायचे वेळही आहेत. दहीहंडी आणि नवरात्रात टेंभी नाका, जांभळी नाका भागातली वाहतूक वळवलेली असते. गणपती विसर्जनाच्या दिवशी तर अख्ख्या शहरातली. त्या दिवशी अर्धा-पाऊण तास आधी निघा, किंवा गाडी थेट महामार्गाच्या बाजूला बोलावून बॅग घेऊन चालत जा.

मग विमानच का घ्यायचं

विदर्भ एक्सप्रेस ठाण्याला संध्याकाळी साडेसात-पावणेआठला येते आणि सकाळी नागपूरला सोडते. चौदा तास, पण त्यातले आठ झोपेत, आणि दोन्ही स्टेशनं गावात. दिवसाचा कामाचा वेळ एक मिनिटही जात नाही. ज्याला सकाळी दहाला नागपुरात काम आहे त्याच्यासाठी ही गाडी पहाटेच्या विमानापेक्षा माणसाला ताजंतवानं पोचवते, असं माझं स्पष्ट मत आहे. अट एकच, तिकीट कन्फर्म हवं.

समृद्धीचा इगतपुरी-आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा ५ जून २०२५ ला खुला झाला. आठ तासांत नागपूर असं म्हणतात ते आमण्यापासून. ठाण्याहून आमण्याचा रस्ता, दोनदा थांबणं, डिझेल आणि नागपुरातलं शेवटचं अंतर धरून मी नऊ ते दहा तास सांगेन. वेगमर्यादा ताशी १२० आहे, ती ओलांडून वेळ वाचवायला जाऊ नका. तो सरळ, एकसुरी रस्ता डोळ्यांवर झापड आणतो. चारजण असतील आणि सामान जास्त असेल तर गाडीचा हिशेब पैशांत परवडतो. पण एकट्या माणसासाठी पावणेसहा विरुद्ध साडेनऊ: फरक पावणेचार तासांचा. फोनवरच्या सव्वा तासाशी तुलना केलीत तर तोच फरक सव्वाआठ तासांचा भासतो, आणि तिथेच माणूस जास्त भाडं मोजायला तयार होतो.

परदेशी गावांसाठी: घड्याळ आणि तारीख

भारतभर एकच घड्याळ आहे, त्यामुळे देशात सुटण्याची वेळ पोचण्याच्या वेळेतून वजा केली की काम झालं. बाहेर तसं नाही, कारण तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे. मुंबईहून १०.०० ला सुटून दुबईत ११.४५ ला पोचलात, तर पावणेदोन तास अधिक दीड तास, म्हणजे सव्वातीन तास. येताना दुबईहून १३.०० ला सुटून मुंबईत १७.३० ला, तर साडेचारातून दीड वजा, तीन तास. पश्चिमेला जाताना मिळवा, येताना वजा करा. सिंगापूर आपल्या अडीच तास पुढे आहे, तिथे उलटं. काठमांडू फक्त पंधरा मिनिटं पुढे.

लंडनला आणखी एक गोम आहे. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत फरक साडेचार तासांचा, उरलेल्या दिवसांत साडेपाचचा. दिवाळीच्या सुमारास तिकडे मुलीकडे जाणाऱ्यांनी जातानाचा आणि येतानाचा फरक वेगळा धरावा. लांबच्या मार्गांवर सरळ रेषेचं अंतर तेवढं विश्वासाचंही राहत नाही. २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या विमानांना वळसे पडले. अंतर तेच, वेळ वाढला. अशा मार्गांवर सूत्राचं उत्तर फक्त पडताळ्यापुरतं वापरा, वेळ तिकिटावरचाच धरा.

तारखेचं मात्र डोळ्यांत तेल घालून बघायचं. आखाती देशांची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १५ तारीख, ००.४० लिहिलं असेल तर तुम्हाला १४ तारखेच्या संध्याकाळी घरातून निघायचंय. आंतरराष्ट्रीय प्रवासाला तीन तास आधी म्हणजे १४ ला रात्री २१.४०, ठाण्याहून त्या वेळच्या रस्त्याला तास, म्हणजे साडेआठला जेवून तयार. कॅलेंडरवर १५ वर गोल करू नका, १४ वर करा आणि बाजूला ‘रात्री’ लिहा. पोचण्याच्या वेळेपुढे लहान अक्षरात ‘+१’ असेल तर ती दुसऱ्या दिवसाची वेळ आहे. घ्यायला येणाऱ्याला तारीख कळवताना तीच कळवा.

मध्ये विमान बदलायचं असेल तर

नागपूरहून येऊन पुढे दुबईला जायचं, अशा प्रवासात दोन्ही तिकिटं एकाच बुकिंगवर असतील तर पहिल्या विमानाच्या उशिराची काळजी बहुतांशी कंपनीची. वेगवेगळी घेतलीत की ती तुमची: बॅग घ्या, बाहेर या, पुन्हा जमा करा. एकाच टर्मिनलवर असाल तरी चार तासांपेक्षा कमी ठेवू नका. पहिलं विमान उलव्याला उतरतंय आणि दुसरं सहारहून उडतंय असं तर चुकूनही निवडू नका, मध्ये वाशी खाडीपूल, चेंबूर आणि कुर्ला आहे. स्वस्त दिसलं म्हणून हे संकेतस्थळं यादीत पुढे आणतात, आणि नव्या विमानतळामुळे ही जोडी आता वारंवार दिसणार.

परतीचा हिशेब करताना नागपूरच्या बाजूला थोडं सैल राहता येतं. तिथला विमानतळ गावाजवळ आहे, रस्ता अर्ध्या तासाचा, बॅग असली तरी दीड-पावणेदोन तास आधी पोचलं की पुरतं. सगळी काळजी मुंबईला उतरल्यावरची. रात्री साडेदहाला विमान टेकणार असेल तर बॅग घेऊन बाहेर यायला सव्वाअकरा होतात, मेट्रो ३ तोवर बहुधा बंद झालेली असते आणि कॅबचं भाडं चढलेलं असतं. तिकीट काढताना रात्रीच्या आणि संध्याकाळच्या विमानात चारशे-पाचशेचाच फरक असेल, तर त्या कॅबचं भाडं मिळवून बघा आणि मग स्वस्त कोणतं ते ठरवा.